गोणपाटावर ६३ आणि ॲपमध्ये ७२ : पॉइंट-बॅजवाल्या एका ऑनलाइन ट्रेनिंगचं प्रकरण

मागच्या उन्हाळ्यात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यातल्या साठेक कृषीसख्यांसाठी आम्ही एक ऑनलाइन कोर्स चालवला. विषय एकच, सोयाबीनचं घरचं बियाणं. आदल्या वर्षी हाच कोर्स साधा होता, व्हिडिओ बघा आणि खाली प्रश्न सोडवा, अन् तिसऱ्या धड्यापर्यंत निम्म्याहून जास्त जणी गायब. म्हणून पैसे देणाऱ्यांकडून सूचना आली की या वेळी गेमिफिकेशन करा. म्हणजे पॉइंट, बॅज (बिल्ल्यासारखं चित्र), लेव्हल, लीडरबोर्ड (कोण कितव्या नंबरवर त्याची यादी), खेळात जे असतं ते खेळ नसलेल्या ठिकाणी आणून लावायचं. मी लावलं. आकडे असे काही चढले की दोन दिवस मी हवेत होते. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात औशाकडच्या एका गावात गेले, एका सखीच्या अंगणात गोणपाट उघडून बघितलं आणि खाली आले.

आधी हे सगळं कशासाठी ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सोयाबीन स्वपरागसिंचित पीक आहे, म्हणजे फुलाचं परागण त्याच फुलात होतं आणि वाण तसाच राहतो, त्यामुळं दरवर्षी नवीन पिशवी विकत घ्यायची गरज नसते, घरचं चांगलं बियाणं राखून ठेवलं तर चालतं. पण या दाण्याचं टरफल लई नाजूक. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला, पोतं उंचावरून आपटलं, थप्पी जास्त उंच लावली किंवा काढणीच्या वेळी पावसात भिजलं की दाणा वरून चांगला दिसतो पण उगवत नाही. २०१९ ला काढणीत पाऊस झाला आणि २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती, आठवत असेल. तेव्हापासून प्रत्येक मे महिन्यात सगळे एकच सांगायलेत की पेरायच्या आधी घरी उगवण चाचणी करा. सोपी आहे. ओल्या गोणपाटावर १०० दाणे, दहा-दहाच्या दहा ओळी, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं, सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. वाकडा, तुटका, कुजका धरायचा नाही. ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६० ते ७० च्या मधी आले तर बियाणं वाढवायचं. ६० च्या खाली असेल तर ते पेरूच नये.

आमच्या सख्या म्हणजे बचत गटातल्याच बायका, ज्या गावात फिरून हे शेतकऱ्यांना सांगणार. त्यांना हे नीट आलं पाहिजे, एवढंच ट्रेनिंगचं काम.

पहिला खेळ

कोर्स मूडलवर होता, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर, सख्या ते मोबाइलच्या ॲपमधून उघडायच्या. मूडलमध्ये बॅज द्यायची सोय २०१३ पासून आहे आणि पॉइंट-लेव्हलसाठी लेव्हल अप म्हणून एक प्लगिन, म्हणजे वरून टाकायची जोड मिळते, ती टाकली की पान उघडलं पॉइंट, व्हिडिओ उघडला पॉइंट, क्विझ दिली पॉइंट. एकच गोष्ट परत परत केली तर पॉइंट अडवायची सोय तिच्यात आहे, पण वेगवेगळी पानं नुसती उघडत बसलं तर कोण अडवणार. त्यावर रोजची साखळी, म्हणजे सलग किती दिवस ॲप उघडलं, ती आम्ही शीटमध्ये वेगळी ठेवायचो. आणि दर रविवारी लीडरबोर्डचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर.

पहिल्या दहा दिवसांत जो उत्साह होता तो खोटा नव्हता हे मी आजही म्हणीन. आदल्या वर्षी फोन करून करून ॲप उघडायला लावावं लागायचं, या वर्षी रात्री अकराला मेसेज यायले की मॅडम माझे पॉइंट दिसंनात. पहिल्यांदा ॲप उघडणं, पासवर्ड लक्षात ठेवणं, कुठं काय आहे ते सापडणं, या पायरीवर पॉइंटांनी खरंच काम केलं.

मग तिसऱ्या रविवारी पहिल्या नंबरवर कळंबकडची एक सखी आली, ते पण दुसऱ्या नंबरपेक्षा दुप्पट पॉइंट घेऊन. कौतुक करायला फोन केला तर फोन पोरानं उचलला. दहावीची परीक्षा देऊन रिझल्टची वाट पाहायलेलं पोरगं, दिवसभर मोकळं. "मॅडम, मीच खेळायलो ते. आईला वेळ कुठाय." त्यानं सगळे व्हिडिओ पळवले होते, सगळ्या क्विझ दिल्या होत्या आणि बियाण्याबद्दल विचारलं तर त्याला बऱ्यापैकी येत पण होतं! म्हणजे आमचा कोर्स एका माणसाला नक्की आला, फक्त तो कृषीसखी नव्हता.

मी हसून सोडून दिलं. खरं तर तिथंच थांबून बघायला पाहिजे होतं की हे पॉइंट नेमके कशाचे मोजायले आपण.

खाली दिसायलेलं नाव

रेणापूर तालुक्यातल्या एक मावशी, वय पन्नासच्या पुढं, आमच्यातल्या सगळ्यात पक्क्या. मुठीत दाणे घेऊन, एक-दोन दाताखाली धरून ओल सांगणाऱ्या. त्या चौथ्या आठवड्यात ग्रुपमधून लेफ्ट झाल्या. मला वाटलं रिचार्ज संपला असेल. फोन केला तर आधी तब्येत, पाणी, लग्नसराई असं इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणल्या, "माय, दर आइतवारी माझं नाव खाली दिसायलंय. त्या ग्रुपात माझी सून बी हाय."

सून त्याच गटात, तीही सखी, आणि अकराव्या नंबरवर. सासू एकोणपन्नासाव्या.

आता हे मी कोर्स बनवताना कुठल्या कागदावर लिहिलं असतं? लीडरबोर्ड म्हणजे चुरस, चुरस म्हणजे उत्साह, एवढंच डोक्यात. पण आपल्याकडं ग्रुप म्हणजे अनोळखी खेळाडू नसतात, त्यात जाऊ असती, शेजारीण असती, जिच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे ती पण असती. वरच्या पाच-सात जणींना लीडरबोर्ड चढवतो, मधल्यांना फरक पडत नाही आणि खालच्यांची दर रविवारी जाहीर हजेरी होती. हे काही आमच्याच गावचं नाही. हॅनस आणि फॉक्स या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांचा २०१५ चा अभ्यास आहे, कॉलेजातला एकच विषय दोन वर्गांना शिकवला, एका वर्गाला बॅज आणि लीडरबोर्ड, दुसऱ्याला काही नाही. सेमिस्टर जसं पुढं गेलं तशी बॅजवाल्या वर्गाची गोडी कमी होत गेली आणि शेवटच्या परीक्षेत त्यांचे मार्कही कमी आले. हे मी आधी वाचलेलं होतं बरं का. वाचलेलं असून लावलं, कारण प्लगिनमध्ये ते आयतं चालू होतं.

साखळीचं पण तसंच. रोज ॲप उघडायचं, एक दिवस चुकला की शून्य. मे महिना, लग्नं, लाईट जाणं, वस्तीवर रेंज नसणं. एकीची एकवीस दिवसांची साखळी भावकीतल्या मयतीमुळं तुटली आणि त्यानंतर तिनं ॲप उघडलंच नाही, म्हणली आता काय उपयोग. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोसारख्या मोठ्या ॲपनं सुद्धा साखळी वाचवायला फ्रीझची सोय ठेवली आहे, एखादा दिवस चुकला तरी साखळी राहते. आम्ही शीट बनवताना तेवढं सुद्धा डोकं लावलं नाही.

अंगणातलं गोणपाट

आता मुख्य.

कोर्सचा चौथा धडा उगवण चाचणीचा. इथं नुसता व्हिडिओ नव्हता, सखीनं घरी खरी चाचणी लावायची आणि किती कोंब आले तो आकडा ॲपमध्ये भरायचा. मला या धड्याचा फार अभिमान होता. आकडा भरला की बॅज, नाव ठेवलेलं 'सोन्याचं बियाणं', पिवळा दाणा आणि त्याला हिरवा कोंब, चित्र पण छान काढून घेतलेलं. जवळजवळ सगळ्यांना हा बॅज मिळाला. रिपोर्टमध्ये मी हाच स्क्रीनशॉट पहिल्या पानावर लावला.

औशाकडच्या त्या गावात मी गेले ती भलत्याच कामाला. सखीच्या घरी चहा झाला, आणि तिच्या अंगणात लिंबाखाली गुंडाळी दिसली, म्हणलं बघू तरी. तिनं आदल्या दिवशीच मोजून भरलेलं, ७२. गुंडाळी सोडली. ओळी एकदम सरळ, दहा-दहा. आम्ही दोघी मिळून मोजलं, पहिल्या ओळीत सात, दुसऱ्या ओळीत पाच आणि एक कुजका, असं करत करत शेवटपर्यंत गेलो. ६३.

मी काही बोलले नाही, परत मोजलं. ६३.

मग ती हळूच म्हणली, "मॅडम, मी बी त्रेसष्टच मोजले व्हते. पण ॲप चूक म्हणायलं."

मी फोन घेऊन बघितलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मूडलच्या क्विझमध्ये आकड्याचा प्रश्न असतो, त्यात बरोबर उत्तर टाकायचं आणि किती फरक चालेल ते टाकायचं. मी बॅज आपोआप मिळावा म्हणून उत्तर ८५ आणि फरक १५ असं भरून ठेवलेलं. म्हणजे ७० ते १०० मधला कुठलाही आकडा बरोबर, हिरवी खूण, बॅज. आणि ६३ टाकला की लाल फुली, खाली 'चूक, पुन्हा प्रयत्न करा'. तिनं ६३ टाकला, फुली आली. तिला वाटलं आपण कुजके जास्त धरले असतील, ६५ टाकला, फुली. मग ७२ टाकला.

तिनं खोटं भरलं असं मी कसं म्हणू? तिनं खरं भरलं होतं आणि मी तिला दोनदा चूक म्हणले होते.

रात्री घरी येऊन सगळ्यांचे प्रयत्न उघडून बघितले, मूडलमध्ये प्रत्येक प्रयत्न साठलेला असतो. पहिल्या प्रयत्नात ६१, ६८, ६४, एकीचे ५७ सुद्धा, आणि शेवटच्या प्रयत्नात ७०, ७२, ७५. मार्क धरताना सगळ्यात जास्तीचा धरायचा ही सेटिंग, त्यामुळं माझ्या रिपोर्टमध्ये फक्त शेवटचे गोड आकडे. म्हणजे बॅज द्यायचा होता चाचणी नीट केल्याबद्दल, आणि मी देत होते बियाणं चांगलं निघाल्याबद्दल. बियाण्यावर सखीचा काय जोर? तिच्या हातात फक्त मोजणं होतं, तेच मी बिघडवलं.

आणि हे कागदावरचं नुकसान नाही. ६३ टक्के उगवणीचं बियाणं ७२ समजून एकरी ३० किलोनं पेरलं तर रोपं विरळ पडणार. हिशोब सोपा आहे, ७० कोंबांना ३० किलो हे माप धरून ७० गुणिले ३० म्हणजे २१००, त्याला आलेल्या कोंबांनी भागायचं. २१०० भागिले ६३, म्हणजे साधारण ३३ किलो ३०० ग्रॅम. आणि ५७ वालीनं तर ते बियाणं बाजूलाच ठेवायला पाहिजे. नशीब एवढंच की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरायचं नसतं आणि तेवढा अजून पडलेला नव्हता. दोन दिवस आम्ही तिघी फोनला चिकटून होतो, एकेकीला सांगायचं की ताई, तुमचा पहिला आकडा कोणता होता तो धरा. ५७ वालीच्या मालकांनी फोन घेतला आणि म्हणले, "मग ते बॅजचं काय?" काय सांगावं.

दुसरा खेळ

यंदा परत केला. खेळ पूर्ण काढून टाका असं टीममधल्या एकीचं म्हणणं होतं, मला ते पटलं नाही. पहिल्या पायरीवर त्याचा उपयोग मी डोळ्यानं बघितला होता.

चौथ्या धड्यात आता आकड्याला बरोबर-चूक नाहीच. ३० येवो नाहीतर ९०. त्याच्यापुढचा प्रश्न, या आकड्याला एकरी किती किलो लागेल किंवा पेरायचंच नाही का, हा तपासला जातो. बॅज उघड्या गोणपाटाच्या फोटोवर, आणि तो फोटो दुसऱ्या तालुक्यातली जोडीदारीण मोजणार, दोघींचा आकडा जवळपास जुळला तर दोघींना. पहिल्याच आठवड्यात तिघींनी एकच फोटो पाठवला. कळलं कशावरून, तर तिन्हीमध्ये कोपऱ्यात तीच निळी चप्पल! मग नियम केला की ओळींच्या शेजारी नाव आणि तारखेची चिठ्ठी ठेवायची. आणि फोटोनं नेट लई खाल्लं, ती तक्रार अजून मिटलेली नाही.

पण जोड्यांमुळं जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. बायका फोटोवरून भांडायल्या. हा कोंब तू कसा धरला, त्याला मूळच नाही. नाही गं, झूम करून बघ. एवढी चर्चा माझ्या कुठल्याच व्हिडिओनं झाली नव्हती, आणि 'चांगला कोंब कोणता' हाच तर या धड्याचा जीव आहे.

लीडरबोर्डवर आधी नावं लपवून फक्त स्वतःच्या वरचे-खालचे एक-दोन दिसतील असं करून बघितलं, प्लगिनमध्ये ती सोय आहे. पण बायका आकडे जुळवून कोण कुठं ते शोधून काढायच्याच. शेवटी बंद केला. साखळी आता आठवड्याची, सात दिवसांत कुठलेही तीन.

आणि सापशिडी. ही कल्पना सख्यांचीच. म्हणल्या पॉइंट-बिइंट राहू द्या, सापशिडी करा. आपल्याकडं जुना मोक्षपट असायचा, परंपरेनं तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडतात, आपेगाव-पैठण इथलंच. त्यात शिडी चांगल्या गुणावर आणि साप दुर्गुणाच्या घरात, म्हणजे ज्या घरावर पडलात तेच तुम्हाला वर नेतं नाहीतर खाली आणतं. माझ्या पॉइंटांचा बियाण्याशी काहीच संबंध नव्हता, पान उघडलं तरी पॉइंट आणि मोजलं तरी पॉइंट. तर आता खेळात सापाचं तोंड म्हणजे पोतं आपटलं, मळणीचा वेग वाढवला, पहिल्या शिडकाव्यावर पेरलं. सगळ्यात लांब साप थेट 'दुबार पेरणी' या घरात उतरतो. तिथं पडलं की ग्रुपमध्ये नुसता हाहाकार. फासे नाहीत, प्रत्येक घरात एक निर्णय घ्यायचा, त्यावर पुढं-मागं.

रेणापूरच्या मावशींना मी घरी जाऊन परत आणलं. पॉइंट वगैरे सांगितलं नाही, म्हणलं फोटोतले कोंब तपासायला माणूस पाहिजे. त्या आता जोड्यांची भांडणं मिटवतात, व्हॉइस मेसेज टाकून. "आगं, ते कुजकं हाय, सोड त्येला." सुनेची जोडीदारीण परवा सुनेपेक्षा बरोबर निघाली तेव्हा मावशींनी निकाल तिच्या बाजूनं दिला. घरी काय झालं ते विचारलं नाही मी.

एक गोष्ट राहिली. यंदा 'कोर्स पूर्ण' करणाऱ्यांचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा कमी आहे, उघड आहे, कारण आता पोरगं रात्रीतून पूर्ण करून देऊ शकत नाही, गोणपाट सहा-सात दिवस घेतंच. पैसे देणाऱ्यांच्या फॉर्ममध्ये एकच रकाना आहे, पूर्ण केलेल्यांची संख्या, आणि तिथं आम्ही मागं गेलोय. मी दुसरा रकाना मागितलाय, जोडीदारणीनं मोजून जुळलेल्या चाचण्या किती. सोबत औशाच्या त्याच सखीचा यंदाचा फोटो जोडलाय, दहा ओळी, चिठ्ठीवर नाव, तारीख, आणि खाली पेनानं लिहिलेलं, २१०० ÷ ६६. उत्तर अजून यायचंय.